चकलीचा भागाकार

मार्च २०२६पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याने कलम ३८मध्ये मोठा समंजसपणा दाखवला: घराचा काही भाग धंद्याला वापरता? मग भाड्या-दुरुस्तीचा रास्त हिस्सा खर्चात धरा. आता चकल्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या वहिनींनी ठरवायचं, ओटा कधी कारखाना आणि कधी पिठल्याचा. दिवाणावर वाळणारे पापड म्हणजे गोदाम, हे निर्विवाद. त्यांच्याशेजारी घोरणारा दादा मात्र वैयक्तिक खर्च. तो कलम ३७ला चालत नसे.

सोपी वाट कलम ४४एडीची होती. उलाढालीच्या ८ टक्के नफा धरा, डिजिटल जमेवर ६, वह्या नकोत. पण मग वजावटीही नकोत! गॅस, तेल, भाजणी, सगळं त्यातच जिरलं. वह्या ठेवल्या आणि नातेवाइकाला अवाजवी पगार दिला, तर कलम ४०ए डोळे वटारायचं. सासूबाई मात्र वर्षानुवर्षं फुकट तळतायत, त्यावर कलमच नाही.