पट्टेवाले

जुन्या कचेऱ्यांत साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर पट्टेवाला बसलेला असे. छातीवरून आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो कधीच गेला. आमच्या महाप्याच्या कंपनीत आता दुसरे पट्टेवाले आहेत. यांचे पट्टे स्क्रीनवर असतात, निळे, आडवे, एकाखाली एक. हुद्दा प्लॅनिंग इंजिनिअरचा, पण त्यांच्या माघारी आम्ही पट्टेवालेच म्हणतो.

भेटल्यावर लोक 'काय, बरं आहे ना?' म्हणतात. हे 'मे महिन्यात कुठे जाताय?' असं विचारतात, आणि आपण खुलून महाबळेश्वर म्हणालो की तेवढंच टिपून निघून जातात. लग्नपत्रिका दिली तर मुलीचं नावही न वाचता, "हळद आदल्या दिवशी ना? आणि सत्यनारायण? म्हणजे गुरुवारी हजर." एकदा मी तापाने फणफणलो होतो, तर यांचा फोन.

"आराम करा हो. फक्त दोनचा की तीनचा, तेवढं सांगा."

"एकशे दोन," मी कण्हत म्हणालो.

"डिग्री नाही, दिवस!"

खरं तर त्यांचंही दुखणं आहे. हे पट्टे रूढ केले हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने. तो 1919 साली वारला, आणि चाकरमानी काही त्याच्या हाताखाली नव्हता. हल्लीच्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाची रजा त्याच्या त्याच्या कॅलेंडरात भरता येते. पण भरली की कामाचा पट्टा नुसता लांबतो, का लांबला ते चित्रात दिसत नाही. मागे राखाडी छटा देता येते, तीही एका वेळी एकाच कॅलेंडरची. बावीस माणसांच्या बावीस रजा त्यात मावायच्या कशा? मग आठ दिवसांचं काम अठरा दिवस चाललेलं पाहून साहेब पट्टेवाल्यांनाच फैलावर घेतात.

म्हणून त्यांनी तोडगा काढला. रजेलाच काम करून टाकलं! निळ्यांच्या मधोमध हिरवे पट्टे आले. पण काम म्हटलं की टक्के आलेच. सोमवारच्या रिपोर्टात 'पंपहाउस ड्रॉइंग : 60 टक्के' आणि त्याखाली 'आईचा मोतीबिंदू : 50 टक्के'. चूक म्हणाल, तर नाही. एक डोळा झाला होता.

यांचा खरा हंगाम म्हणजे भाद्रपद. निम्मं ऑफिस सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं. रजेचा अर्ज लोक निघायच्या आदल्या आठवड्यात टाकतात, पण कोकण रेल्वेचं तिकीट कुणी आदल्या आठवड्यात काढतं का? पट्टेवाले अर्जांची वाट पाहतच नाहीत. आरक्षण खुलं होतं त्या सकाळी आठला कोण मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलंय, हे ते चहाचा कप घेऊन हिंडत बघून येतात. पूर्वी हा सुगावा 120 दिवस आधी लागे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेने मुदत 60 दिवसांवर आणली, तेव्हा प्रवाशांपेक्षा तेच जास्त हळहळले. त्यांच्या शीटमध्ये एक खास रकानाही आहे, कुणाकडे गणपती किती दिवसांचा : दीड, पाच, गौरीबरोबर, अनंत.

यंदाच्या बैठकीला दिल्लीहून नवे साहेब आले होते. त्यांनी हिरव्या पट्ट्यांच्या रांगेवर लेझरचा लाल ठिपका फिरवला आणि एका लांबलचक पट्ट्यावर थांबवला.

"हे गणपती ॲक्टिव्हिटी फारच लांब आहे. दीड दिवसात होत नाही?"

"दीडाचाही असतो, साहेब. यांच्याकडे अनंताचा आहे."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग उदारपणे म्हणाले, "आणखी दोन माणसं देतो."

खोलीत कुणी हललं नाही. पट्टेवाल्यांनी चष्मा वर सरकवला, त्या कामाच्या खिडकीत एक रकाना बदलला आणि अदबीने म्हणाले,

"फिक्स्ड ड्युरेशन आहे, साहेब."