सुटला, पण कुठला सुटला!

"काकू, डोळे तांबारलेत तुमचे. जागरण?"

"अगं, सिनेमा बघत बसले. 'द लाँग मेमरी', 1953 चा ब्रिटिश. जॉन मिल्स आहे."

"हा कोण?"

"'गांधी'तला व्हाइसरॉय गं! इथे ऐन उमेदीतला आहे. खुनाच्या आरोपाखाली बारा वर्षं आत. केलेला नाहीच बरं का. जळलेल्या बोटीवर प्रेत सापडतं आणि याचीच प्रेयसी कोर्टात धडधडीत खोटं बोलते. बापाला वाचवायला."

"अगंबाई! मग तिचं काय झालं?"

"ज्या पोलिसाने तो तपास केला, त्याच्याशीच लग्न करून बसलीये! मूल आहे, चांगलं घर आहे. आणि आता हा सुटला."

"म्हणजे सूड!"

"तेच ठरवून येतो. पण राहतो कुठे, तर केंटच्या किनाऱ्याला, ग्रेव्हसेंडकडे, एका मोडक्या बार्जवर. ओहोटी लागली की जिकडे बघावं तिकडे नुसता गाळ. त्यातून फळ्या-बिळ्या पार करत हा आपल्या खोपटात शिरतो. वर पोलिसांची पाळत, बातमीदार मागावर. माझा तर त्या सूडातला रसच गेला, मी त्या गाळाकडेच बघत बसले."

"'दो आँखें बारह हाथ'सारखं काही आहे का?"

"छे! शांतारामबापूंच्या कैद्यांना विश्वास टाकणारा जेलर तरी होता. याला एक इल्से भेटते, युद्धात घरदार गमावलेली, खानावळीत राबणारी. ती माया करायला जाते, तर हा तिलाच झिडकारतो. इतकी वर्षं एकट्याने काढली की चांगुलपणाचाही संशय येतो गं माणसाला. मिल्स ते नुसत्या जबड्याने दाखवतो."

"आणि खून नेमका कुणी केला?"

"ऐक तर! ज्याच्या खुनासाठी हा आत गेला, तो लंडनमध्ये नाव बदलून राजरोस जगतोय!"

"काय सांगता! मग या सिनेमाचं नाव कसं कानावर नाही आलं?"

"दिग्दर्शक रॉबर्ट हॅमर. त्याच्या 1949 च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'चं कौतुक अजून संपत नाही, त्यात हा बिचारा मागे पडला. शेवटचा योगायोग ओढूनताणून आणलाय, ते मी झाकणार नाही. पण सुटून आलेल्या माणसाचं सुरुवातीचं ते बार्जवरचं राहणं, ते 'काइंड हार्ट्स'च्या तोडीचं आहे. रविवारी ये, लावते."