चार शाया आणि एक चिंतामणी

पहिल्याच प्रिंटमध्ये बाबा हिरवे आले. मुंडावळ्या हिरव्या, दात हिरवे, आईच्या मागे उभे असलेले मामाही थोडेसे हिरवे. आई म्हणाली, "अरे, हळद लागली होती त्यांना, शेवाळ नाही."

फोटो १९७९ चा. लग्नात बाकी सगळे रोल कृष्णधवल आणि हौसेनं एकच रंगीत. गंमत अशी, की स्वस्तातले ते काळे-पांढरे फोटो अजून ठणठणीत आहेत. त्यांत चांदीचे कण असतात, ते सहजी जागा सोडत नाहीत. रंगीत फोटोत मात्र नुसती रंगद्रव्यं, आणि त्या काळच्या कागदावरचा निळसर रंग अंधारातही उडायचा. कपाटात, अल्बमच्या पोटात, कुणी न बघता. मग उरतो तांबूसपणा. म्हणून आमचे १९७९ चे सगळे नातेवाईक उन्हातान्हातून चालत आल्यासारखे दिसतात. आईच्या शालूचं तर चक्क आमसूल झालं होतं.

मी फोटो स्कॅन केला, संगणकावर तांबूसपणा उतरवला, आणि प्रिंटरनं बाबांना हिरवं केलं. यंत्र दोन महिने झाकून ठेवलेलं. नोझल-चेकचा कागद काढला तर मॅजेंटाच्या जाळीत खिंडारं. (मॅजेंटा म्हणजे आपला गुलबक्षीच, उगाच घाबरतो आपण.) शाई वाळून भोकं बुजली, की गुलबक्षी गायब आणि माणूस हिरवा. क्लिनिंग दोनदा लावलं. यंत्र घरघरत शाई पितं आणि आपण शेअर रिक्षात चौथी सीट भरायची वाट बघावी तसं गप्प बसायचं.

पुढच्या प्रिंटमध्ये शाई ओघळली. ग्लॉसी कागद उलटा घातला होता. पाठीच्या बाजूला शाई पिता येत नाही. बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावावं, चिकटेल ती बाजू पुढची. ही अक्कल आली तोवर पाकिटात तीनच कागद उरले होते. त्यात संगणकही रंग सुधारत होता आणि प्रिंटरही. एकाच भाजीत आईनं मीठ घालावं आणि बायकोनंही, तसं. एकाचा हात आवरला तेव्हा कुठे बाबा माणसात आले.

बाबांची उभी नोकरी मोहन्यातल्या एनआरसी या रेयॉनच्या कारखान्यात गेली. तिथला पांढरा धागा बघत आयुष्य काढलेला माणूस; रंगाबद्दल त्यांचं मत एकच, "चांगला आहे."

आईचं तसं नव्हतं. "शालू चिंतामणी होता," ती म्हणाली. मावशी फोनवरून म्हणाली, "छे, मोरपंखी." प्रिंटरकडे शाया चार. अबोली, डाळिंबी, कुसुंबी, चिंतामणी हे सगळं त्यानं त्या चारांतूनच भागवायचं.

शेवटी आईनं कपाटातून मलमलीत गुंडाळलेला शालूच काढला. घडीच्या कडेला तो फिका, आत गडद. "आतला बघ," ती म्हणाली. प्रिंट मी खिडकीसमोर टांगणार होतो, तर म्हणे, "शालू कधी उन्हात टाकतात का?" शाईलाही नेमकं तेच लागू आहे, फक्त प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत ते सात भाषांत लिहिलेलं असतं.

ट्यूबलाइटखाली प्रिंट आतल्या घडीशी जुळला. आई तो गॅलरीत घेऊन गेली. तिथे निळा जास्त वाटला. मी पुन्हा संगणकाकडे वळलो, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मांडवात पिवळे बल्ब होते."

घरभर पिवळा बल्ब शोधला. सगळीकडे एलईडी. एकच सापडला, न्हाणीघरात. आता आम्ही दोघं न्हाणीघरात उभे आहोत, शालू बादलीपासून उंच धरून, आणि बाबा दारातून विचारताहेत, आंघोळीला कधी जाऊ.