चौरस फुटाचे अण्णा

सोसायटीत कुणाकडेही सत्यनारायण असो, आमचे अण्णा आत शिरले की देवाआधी जमिनीकडे पाहतात. टाचेने लादीवर दोन ठोके देतात, कान टवकारतात आणि यजमानाला ऐकू जाईल असं पुटपुटतात, "खाली पोकळ आहे." तीर्थप्रसाद त्यानंतर.

हौसेला मोल नसतं म्हणतात. अण्णांच्या हौसेला असतं, आणि ते घासाघीस करून ठरतं. विरार पश्चिमेच्या आपल्या वन बीएचकेतल्या दहा बाय बाराच्या बेडरूमला लाकडी फरशी करायची, हे त्यांच्या मनाने घेतलं. सागवानाचा भाव त्यांनी एकदाच विचारला आणि दुकानदाराकडेच पाणी मागून प्यायले. जव्हार-मोखाड्याच्या रानात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात साग उभा असताना हा भाव कसा, याचा जाबही त्यालाच विचारला. मग गाडी लॅमिनेटवर आली: पोटात दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, वर लाकडाचा छापील फोटो, त्यावर पारदर्शक थर.

वसई फाट्यापासून नालासोपाऱ्यापर्यंत एक दुकान सुटलं नाही. प्रत्येकाकडून वीतभर सँपल. विरार लोकलमध्ये स्वतःची कोपरं कुठे ठेवावीत हा प्रश्न असतो. तिथे अण्णांच्या पिशवीतल्या पट्ट्या लोकांच्या बरगड्या मोजायच्या. "एसी थ्री घ्यावी की एसी फोर?" असं त्यांनी मीरा रोडला विचारलं की कुणीतरी करवादायचं, "काका, एसीचा पास काढा, पण पिशवी खाली ठेवा!" फरशी किती झीज सोसेल त्याच्या या प्रती, बेडरूमला थ्री पुरते, हे समजावून होईपर्यंत गाडी भाईंदरची खाडी ओलांडून नायगावला लागलेली असे.

एका दुकानदाराने एसपीसी सुचवली. दगडाची भुकटी आणि प्लास्टिक, पाण्याने फुगत नाही. 2018 च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या होत्या, याचीही त्याने आठवण करून दिली. "मी तिसऱ्या मजल्यावर राहतो," अण्णा म्हणाले. "तिथवर पाणी आलं, तर फरशीचा हिशेब चित्रगुप्त बघेल."

कापाकापीत दहा टक्के माल वाया जातो, म्हणून 120 ऐवजी 132 फूट घ्या, यावरही तासभर वाद झाला. "वाया जाणार हे ठाऊक असताना विकत घ्यायचं?" शेवटी घेतला. आज त्यातले तुकडे देव्हाऱ्याखाली, कुंड्यांखाली आणि डुगडुगणाऱ्या कपाटाखाली आहेत. वाया काही गेलेलं नाही.

फिटरने जुन्या लादीवरच फोम अंथरला आणि आठ मिलिमीटरच्या पट्ट्या खटाखट एकमेकींत अडकवायला घेतल्या. अण्णा स्टुलावर पहाऱ्याला. भिंतीकडेने बोटभर फट दिसताच ते उठले. "पैसे अख्ख्या खोलीचे, आणि फरशी चारी बाजूंनी तोकडी?" पावसाळ्याच्या दमट हवेत पट्ट्या पसरतात, जागा नसली तर मधोमध उचलतात, फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, असं त्याने सांगितलं. अण्णांना पटलं. मग त्यांनी टेप लावून फटीचं क्षेत्रफळ काढलं, ते जवळजवळ दीड चौरस फूट भरलं, आणि तेवढे पैसे वजा करा म्हणाले.

जमीन सेंटिमीटरभर वर आल्यामुळे दार मात्र अडकलं. रंधा मारायला सुतार हवा आणि सुतार बजेटात नव्हता. तेव्हापासून दार अर्धवट उघडंच असतं.

"अहो, आता ही पुसायची कशी?" काकूंनी विचारलं.

"फडकं घट्ट पिळून. ओलं नाही चालणार, सांध्यांत पाणी जातं."

"मग तुम्हीच पुसा."

तेव्हापासून अण्णाच पुसतात.

खोली पाहायला आलेल्यांना अण्णा फरशीचा भाव दीडपट सांगतात. काकूंना तो निम्माच सांगितलेला आहे. परवा मी विचारलं, तेव्हा काकू बाहेर हॉलमध्ये भाजी निवडत बसल्या होत्या. अण्णांनी उघड्या दाराकडे पाहिलं, खड्या आवाजात निम्मा भाव सांगितला आणि माझ्यापुढे हात धरून दीडपट बोटांवर दाखवला. खरा भाव मला दोन्हींच्या मध्ये शोधावा लागला.