रिकामी जागा भरा

गुरुजी लांबून दिसले की पिंगुळीत माणसं वाट बदलतात. मोटरसायकलवाला हेल्मेट घालतो, तेही सरकारी दंडाच्या भीतीनं नव्हे. तुमच्या गावातही असा एक असणारच. सेवापुस्तक बंद होऊन वर्षं लोटली, पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते, सत्काराच्या शालींना ट्रंकेत कसर लागली; तरी समोर दोन माणसं उभी दिसली की याला वर्ग भरल्यासारखं वाटतं.

आमच्या गुरुजींचं दुखणं मात्र खास त्यांचं आहे. ते वाक्य पुरं करत नाहीत. शेवटच्या शब्दापर्यंत आणतात, हनुवटी वर करतात आणि थांबतात. वर्गात हे ठीक होतं. 'पृथ्वी सूर्याभोवती...?' म्हटलं की सगळी पोरं 'फिरतेऽऽ' म्हणून कौलं उडवायची. आता पोरं नाहीत, थांबायची सवय तेवढी राहिली. त्या खड्ड्यात आम्ही पडतो.

"काय रे, दूध आणूक...?"

"चललंय, गुरुजी."

"बायलेक बरा नाय म्हणे. सर्दी की...?"

"खोकलो."

"मगे वाफ...?"

"घेता ती, गुरुजी. दोन येळ घेता."

एवढ्यात दूध संपतं. डेअरीवाला माझ्याकडे बघतो, त्याला सगळं समजतं, पण तोही त्यांच्याच हाताखालचा.

आणि सोबत कुत्रा. कोकणात कुत्र्याला फिरवायची पद्धत नाही. कुत्रा आपला आपण फिरतो, दुपारी खळ्यात झोपतो आणि रात्री वाघ आला की पडवीत शिरतो. (बिबट्या म्हणायला आम्ही अजून शिकलो नाही.) गुरुजी पहिल्यांदा दोरी लावून कुत्र्याला घेऊन निघाले तेव्हा शेजारची म्हातारी दारात येऊन विचारती झाली, "तेका वाट म्हायत नाय?" कुत्रा गावठी, तांबूस, एक कान कायमचा दुमडलेला. नाव मॉनिटर. दोरी म्हणजे शाळेच्या खेळाच्या पेटीतली उडीची दोरी. तिची एक लाकडी मूठ गुरुजींच्या हातात असते, तिच्यावरचा लाल रंग त्यांच्या तळव्यानं पार खाल्लेला; दुसरी मूठ कुत्र्याच्या गळ्याशी लोंबते आणि तो धावला की टकटक वाजते. ही टकटक ऐकू आली की शहाणा माणूस घरात जातो.

मॉनिटरलाही थांबायची खूण कळते. कुणी वेळेत उत्तर दिलं नाही तर तो एकदा भुंकतो. एकदाच. मग माणसाला येत असलेलं उत्तरही आठवत नाही.

चतुर्थीला चाकरमानी येतात तेव्हा गुरुजींचा हंगाम. रात्रभर डब्यात उभा राहून आलेला माणूस, दोन्ही हातांत पिशव्या, खांद्यावर झोपलेलं मूल. गुरुजी म्हणतात, "तुतारीन इलंस ना? गाडीचा नाव ठेवला ता कोणाच्या कवितेवरना? केशव...?" तो बिचारा दादरपासून सावंतवाडीपर्यंतची सगळी स्टेशनं सांगेल, पण कवी? त्याची बायको मागून ओरडली, "सुत!" आणि नवऱ्याला ढकलून पुढे काढलं. तिची ती शाळा वेगळी होती, शिस्त तीच.

सगळ्यात जास्त हाल पाहुण्यांचे. एकदा पुण्याची गाडी थांबली. काच खाली झाली, आत एसीचा गारवा. "काका, चित्रकथीचं म्युझियम कुठे आहे हो?"

गुरुजींनी खिडकीच्या कडेवर कोपर ठेवलं. पाहुण्यांशी ते शुद्ध बोलतात. "फार छान. तिथं काय काय पाहाल? कळसूत्री...?"

"बाहुल्या!" मागच्या सीटवरची मुलगी.

"शाबास. आणि चामड्याच्या...?"

"चपला?" गाडी चालवणारे गृहस्थ कोल्हापूरमार्गे आले असावेत.

गुरुजींनी डोळे मिटले. मॉनिटर भुंकला. मग त्या गृहस्थांना पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या कशा नाचवतात, सावंतवाडीच्या राजांनी हे खेळ करणाऱ्या ठाकर मंडळींना आश्रय कसा दिला, परशुराम गंगावण्यांनी संग्रहालय थाटलं ते गुरांच्या 'गोठ्यात' आणि त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती दोन हजार 'एकवीस' साली, हे सगळं स्वतःच्या तोंडानं पुरं करावं लागलं. एकवीस त्यांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, त्याचा गुरुजींना राग आला. शेवटी गृहस्थांनी रडवेल्या आवाजात वाट विचारली.

"सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "हा रस्ता धरायचा, पुढे वळण लागेल. तिथं वळायचं डावीकडे की...?"

गृहस्थ म्हणाले, "उजवीकडे," आणि सुसाट गेले. ते तासाभरानं कुडाळात चहा पिताना दिसले.

मी एकदा न राहवून म्हटलं, "गुरुजी, माणसाक सरळ सांगूचा सोडून ह्या काय?" तर म्हणे ही विद्या त्यांनी ठाकरांच्या वाडीत, गुढीपुरातच उचलली. चित्रकथीतलं चित्र हलत नाही. धनुष्य ताणलेलं, बाण दोरीवर, राक्षस समोर. बाण सुटतो तो बघणाऱ्याच्या डोक्यात. "अर्धा काम चित्राचा, अर्धा...?" ते म्हणाले आणि थांबले. मी मुद्दाम गप्प बसलो. आणि एक सांगतो, मी चित्रकथी पाहिली आहे. गाणारा पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर अख्खी गोष्ट पुरी करतो. सीता कुणी पळवली, असं समोरच्यांना विचारत बसत नाही.

बाराव्याच्या जेवणालाही हा माणूस सोडत नाही. आमच्याकडच्या एका काकांच्या बाराव्याला पानं मांडली होती, वरण वाढायला भांडं उचललेलं. गुरुजींनी महाप्रस्थान काढलं. कारण काय, तर दारात मॉनिटर बसला होता. "स्वर्गाच्या वाटेवर पहिली पडली ती...?" सगळे गप्प. भटजींनी मान खाली घालून एका दमात म्हणून टाकलं, "द्रौपदी, मगे सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. रवलो तो धर्मराज आणि कुत्रो." भटजी चौथीत त्यांच्याकडे होते. वरण तोवर निवलं. धर्मराजानं कुत्र्याला सोडून रथात बसायचं नाकारलं आणि कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघाला, हा भाग गुरुजींनी ताकाबरोबर घेतला.

तर असा हा माणूस. इथंच थांबलो असतो तर माझा राग जागच्या जागी राहिला असता. पण चिरेखाणीवरच्या पोरीचं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

माळावर चिऱ्याच्या खाणी आहेत. पाऊस संपला की तिथं विजापूरकडची कुटुंबं येतात, कच्च्या चिऱ्यांची भिंत रचून वर निळं प्लास्टिक ओढतात आणि मे महिन्यापर्यंत राहतात. गावाचं तिकडे जाणं नसतं. गुरुजी मात्र संध्याकाळी मॉनिटरला घेऊन तिकडेच जातात. मला वाटायचं, गावातली गिऱ्हाइकं संपली म्हणून नवी शोधतायत. एकदा त्यांच्यामागून गेलो तेव्हा दिसलं. टकटक ऐकून झोपड्यांतून पोरं बाहेर येतात. दोरी त्यांच्या हातात देतात गुरुजी. आधी दोरी, मग पावलं मोजणं, मग पाटी. शाळेतून बोलवायला शिक्षक गेले तर हीच पोरं ट्रॅक्टरमागे लपायची.

त्या पोरीला चावलं ते खाणीवरचं भटकं कुत्रं, पोटरीला. आई मिरचीची पूड घेऊन उभी. गुरुजींनी तिच्या हातातली वाटी काढून घेतली, पोरीला उचलून शाळेच्या नळावर आणलं, तिची पोटरी धारेखाली धरली आणि अंगाचा लाल साबण लावला. जखम पंधरा मिनिटं धुवायची असते. घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. "पाढे," गुरुजी म्हणाले. तिथं खेळणाऱ्या पोरांनी सुरुवात केली, बे एक बे. पाणी वाहतंय, फेस वाहतोय, पोरगी किंचाळतेय, आणि गुरुजी दर पाढ्याच्या शेवटी हात वर करून पोरांना गप्प करतायत. बे दाहे...? तीन दाहे...? पोरीला मराठी धड येत नव्हतं. पण चार दाहेला तिनं रडता रडता एकदम "चाळीस" म्हटलं. मग पाच दाहेला पन्नास. दहाच्या पुढे जाईपर्यंत ती रडायची विसरली होती. अकरापासून पुढे पोरांची गाडी अडखळली तेव्हा गुरुजींनी मलाच उभं केलं. तेरापर्यंत मी निभावलं, पुढे मॉनिटर भुंकला.

सरकारी दवाखान्यात रांग होती. रांगेत काय करणार, गुरुजींनी लुई पाश्चर सुरू केला. ६ जुलै १८८५. पिसाळलेल्या कुत्र्यानं फाडलेला नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर, आणि तोवर कुणा माणसाला नीट टोचून न पाहिलेली लस. "तर तो पोरगो जगलो की...?" ताप, खोकला, मधुमेह, सगळी रांग गुरुजींच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरीच्या आईला भाषा कळत नव्हती, पण प्रश्न कळला असावा, कारण तिनं पोरीला घट्ट धरलं. शेवटी एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "जगलो मेलो! सांगा एकदाचा!" जगला. मोठेपणी पाश्चरच्याच संस्थेत राखणदार झाला, हेही गुरुजींनी सांगितलं, पण तोवर आमचा नंबर आला.

"पहिली सुई आज," घरी परतताना ते म्हणाले. "मगे तिसऱ्या, सातव्या आणि...?" हे त्यांनी वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला विचारलं. अठ्ठाविसाव्या. पोरीचा बाप चिऱ्याच्या धुळीत तारखा विसरला असता. वाडी विसरली नाही, कारण वाडीला विसरायची सोय नव्हती. त्या अठ्ठाविसाव्या दिवशी डेअरीवाल्यानं दूध वाटायचं सोडून पोरीला स्कूटरवर नेलं.

मग शाळा. बापाकडे जन्माचा दाखला नाही, आधार गावाला. गुरुजी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बसले. "शिक्षण हक्क कायदा दोन हजार...?" "नऊ, गुरुजी." "दाखलो नाय म्हणान प्रवेश नाकारूक...?" "येत नाय, गुरुजी." "वयापरमाणे वर्ग...?" "देवचो लागता." नाव चढलं. पटाचं गणित सगळ्यांच्याच मनात होतं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची टूम निघाली, तेव्हापासून कोकणातला प्रत्येक मास्तर पट बोटांवर मोजत झोपतो. पोरगी आली तर पटात एकाची भर, आणि तिच्या पाठोपाठ खाणीवरची आणखी चार येतील, हा हिशेब गुरुजींच्या डोक्यात होताच. भूतदया आणि पट त्यांच्या एकाच दोरीला बांधलेले होते.

आता गंमत बघा. चिरेखाण पावसाळ्यात बंद, शाळा जूनमध्ये सुरू. पोरगी दोन अंकी बेरीज शिकली, कवायतीत उजवीकडे वळायला शिकली, आणि मे महिन्यात टेम्पोत भांड्यांवर बसून विजापूरला गेली. गुरुजींनी तिचं शिक्षण हमी कार्ड बिस्किटाच्या पुड्याच्या प्लास्टिकमध्ये घालून तिच्या आईच्या कमरेला खोचायला लावलं. जूनमध्ये हजेरीपटावर तिच्या नावापुढच्या चौकटी कोऱ्या. हजेरीपट चाळताना गुरुजी त्या ओळीशी थांबले. त्या जागेत काय भरायचं, हे मात्र त्यांनी कुणाला विचारलं नाही.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, इस्पितळं, बस स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायचा आदेश दिला. आवाराला कुंपण घाला, देखरेखीला नोडल अधिकारी नेमा. आदेशाबद्दल माझी तक्रार नाही, पोटरी मी पाहिली आहे. पण दिल्लीतून निघालेला कागद दोन शिक्षकी शाळेत पोचतो तेव्हा त्याची काय दशा होते बघा. मुख्याध्यापक मतदारयाद्यांच्या कामावर. उरल्या बाई. पाचवीच्या वर्गशिक्षिका बाई, पहिलीच्याही बाई, पोषण आहाराचे तांदूळ मोजणाऱ्या बाई, आणि आता कुत्र्यांच्या नोडल अधिकारी बाई. कुंपण म्हणजे निवडुंग. त्याला जिथं भोक आहे तिथून पोरं येतात आणि कुत्रीही.

आम्ही तिकडून चाललो होतो. म्हणजे गुरुजी मॉनिटरला घेऊन चालले होते आणि मी सापडलो होतो. बाईंनी हाक मारली. मोजणीसाठी त्यांनी वहीत रकाने आखले होते. आवारात येणारे कुत्रे किती, त्यांत भटके किती, पाळीव किती. बाजूलाच पटाचा कागद. दोन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब नव्हते आणि कुत्रे पुढे होते.

"गुरुजी, मॉनिटराक खय लिवू?" बाईंनी विचारलं.

"पाळीव लिव. दरवर्षीची सुई टोचलेली असा, कार्ड असा." त्यांनी खिशातून कार्ड काढलं, नीट घडी घातलेलं, प्लास्टिकमध्ये. "आणि सकाळ-संध्याकाळ ह्या आवारात कामाशिवाय भटकता तो...?"

त्यांनी हनुवटी वर केली. बाई त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. या थांबण्याला काय करायचं हे त्यांना पहिलीपासून पाठ. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"गुरुजी, चाय घेतल्यात?"

"घेतंय. पण साखर...?"

"कमी," बाई आणि मी एकदम म्हणालो.