पाहणीचे काका

'घर पाहावे बांधून' ही म्हण वाड्यांच्या काळातली. फ्लॅट आले, बांधायचे काम बिल्डरकडे गेले आणि घेणाऱ्याच्या वाट्याला नुसते पाहणे उरले. हे पाहणे जे करतात ते पाहणीचे काका. पहिले घर घेणाऱ्या जोडप्याच्या नात्यात असे एक काका निघतातच. न निघाल्यास शेजाऱ्यांचे चालतात.

काका निवृत्त असतात. पाटबंधारे, वीज मंडळ, टपाल, खाते कोणतेही चालते. पात्रतेची अट एकच: त्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी स्वतः घर घेतलेले असावे. त्या घराची तेव्हाची किंमत ते लिफ्टमध्येच सांगतात. आज तेवढ्यात पार्किंगही येत नाही, हे ऐकणाऱ्याने मनातल्या मनात समजून घ्यायचे असते.

त्यांची हत्यारे खिशात मावतात: जुने जाड पाच रुपयांचे नाणे, एक गोटी, मोबाइलचा चार्जर आणि मेजरटेप. नाणे फरशीवर वाजवायचे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर फरशीखाली माल नीट भरलेला नाही आणि ती पुढेमागे उचकटणार. गोटी न्हाणीघरात सोडायची. ती जाळीकडे न जाता दाराकडे निघाली तर उतार उलटा. चार्जर घरातल्या प्रत्येक सॉकेटला लावून पाहायचा. हे सगळे चालू असताना सेल्सचा मुलगा 'क्लब हाउस दाखवू का, सर?' असे तीनदा विचारतो. काका ऐकत नाहीत.

भिंतींचे शास्त्र त्यांना पाठ आहे. प्लॅस्टरच्या केसाएवढ्या भेगांना ते हसून सोडून देतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, नाण्याची कड शिरेल अशी भेग दिसली की मात्र 'इंजिनिअरला दाखवा' म्हणतात. हा त्यांचा सर्वांत मोलाचा सल्ला. तो हळू आवाजात दिला जात असल्याने कोणी ऐकत नाही. जुन्या फ्लॅटमध्ये एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर ते तिला नाक लावतात. रंगामागची ओल डोळ्यांना चुकवते, काकांच्या नाकाला नाही.

मेजरटेप बाहेर आली की भांडण ठरलेले. काका भिंतीपासून भिंतीपर्यंत मापतात आणि खोल्यांची बेरीज करारातल्या आकड्यापेक्षा कमी भरते. 'फसवणूक!' असे ते जाहीर करतात. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट क्षेत्रफळात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. सेल्सचा मुलगा हे समजावतो. काका त्याला तो जन्मला नव्हता तेव्हाच्या सिमेंटबद्दल सांगतात.

कागदपत्रांशी काकांचे फारसे जमत नाही. महारेराचा नोंदणी क्रमांक, भोगवटा प्रमाणपत्र, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू यांवर नाणे वाजवून आवाज येत नाही. ती बाजू वकिलाकडे जाते. बँकेचा व्हॅल्युअरही येऊन जातो. पण कर्ज बुडाले तर घर विकून ते वसूल होईल का, एवढेच त्याला पाहायचे असते. नळ गळतो की नाही हा त्याचा प्रश्न नाही. तो काकांचा.

पाहणीचा निकाल ब्रोशरच्या कोऱ्या पाठीवर लिहिला जातो. त्यात वीस-बावीस दोष असतात. बाल्कनीतून टेकडी दिसते ही नोंद त्यात नसते, आणि जोडप्याने घर तेवढ्यासाठीच घेतलेले असते. घेतलेले म्हणजे टोकन देऊन. काकांना बोलावतात ते टोकन दिल्यावरच. हे काकांनाही ठाऊक असते. म्हणून त्यांचा शेरा कायम एकच: 'घर चांगलं आहे, जरा आधी विचारायला हवं होतं.' यातला पूर्वार्ध जोडप्यासाठी असतो, उत्तरार्ध काकांसाठी.

ती यादी मात्र टाकाऊ नसते. रेराच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळून तो कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा दोष फोटोंसह लेखी कळवावेत आणि पोच घ्यावी. ब्रोशर रद्दीत गेले नसेल तर मजकूर तयारच असतो.

काकांचे मानधन म्हणजे चहा-खारी आणि वास्तुशांतीचे पहिले आमंत्रण. त्या दिवशी हॉलमध्ये पूजा चालू असते आणि न्हाणीघरातून नाण्याचा आवाज येत असतो. जेवणे झाल्यावर पाहुण्यांतले एखादे नवे जोडपे जवळ येते. 'काका, रविवारी मोकळे आहात का?' काका घड्याळाकडे बघत विचारतात, 'टोकन दिलंत?'

'कालच.'

'मग सावकाश येतो.'