माळ्याचे आबा

जुन्या घरात एक वेळ भाऊबंदकी नसेल, पण माळ्याला मालक असतोच. उतारा कोणाच्याही नावावर असो, माळा त्याचा. पिंपळनेरच्या जुन्या गल्ल्यांत असे आबा दर चार घरांआड सापडतील. वैशाखाच्या दुपारी वाऱ्यासाठी सगळी दारं सताड उघडी असतात, बंद असते ती एकच झडप. तिच्या बरोबर खाली बाज टाकून जो पडलेला असतो, तो आबा समजावा.

आबांच्या मते धूळ बाहेरून येते. पांझरेच्या कोरड्या पात्रातून येते, ताहाराबाद रोडच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून येते, आणि शेजारची सून तर मुद्दाम आपल्या दिशेनेच झाडते. 1880 च्या खानदेश गॅझेटियरात पिंपळनेर तालुका म्हणून नोंदलेलं आहे. पुढे कचेरी साक्रीला गेली. त्यावर आबांचं भाष्य एवढंच : "तालुका गया, धूळ आठेच राहिनी."

म्हणून त्यांनी झरोका कागद आणि खळ लावून बुजवला आहे. धाब्याच्या खाली युरियाच्या गोण्या उसवून, दाभणाने जोडून, ताणून बांधलेलं छत आहे. दिवाळीपर्यंत या छताला पोट सुटतं. मग आबा तोंडाला उपरणं गुंडाळून शिडीवर चढतात, पोटाखाली परात धरतात आणि बोटाने हळूच टिचकी मारतात. शिवणीच्या भोकांतून पांढरट, पिठासारखी माती बारीक धारेने परातीत उतरते. तिचा रंग ना नदीच्या वाळूचा, ना रस्त्याच्या धुळीचा. कोणालाही शंका यावी. आबा परात सगळ्यांना फिरवून दाखवतात : "देख, कोठून कोठून येस!"

माळ्यावर घंगाळ आहे, पत्र्याच्या कोठ्या आहेत, सागवानी पाळणा आहे. नातू झाला तेव्हा पाळणा काढायची गोष्ट निघाली होती. धूळ उडाली असती, म्हणून बाळ साडीच्या झोळीत वाढलं.

पण आखाजीला इलाज नसतो. लेकी माहेरी आलेल्या, पुरण वाटून तयार, चूल धडधडतेय आणि मांड्यांचं खापर वर. "आबा, खापर काढून देता का?" सूनबाई दाराआडून विचारतात. नाही म्हणायचा आबांचा स्वभाव नाही. आधी पंखा बंद होतो, मग पुरणावर ताट, पाण्यावर ताट, पोरं ओट्यावर. खापर धोतरात, धोतर पोत्यात, पोतं ताडपत्रीत. वरचं एक सोडलं की त्याच्यावरची धूळ आतल्यावर पडते, असं धाकट्या नातवाने सांगून पाहिलं. त्याचीही रवानगी ओट्यावर झाली. खापर चुलीवर चढेपर्यंत जावयांचा दुसरा चहा झालेला असतो. आणि शेवटचा मांडा उतरला, की खापर निवतं न निवतं तोच आबा धोतर घेऊन हजर.

मिरगाच्या तोंडावर मात्र या माणसाचं वेगळंच रूप दिसतं. दारात ट्रॅक्टर उभा राहतो. ट्रॉलीत खारी माती. धाब्याचं घर म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर निंबाचा पाला, त्यावर माती, आणि सगळ्यांत वर दर पावसाळ्याआधी ही खारी. पाणी लागलं की ती फुगते, भेगा बुजवते, घर गळत नाही. उन्हाळ्यात तीच सुकून, भुगा होऊन, फटीफटीतून खाली झरते. थेट माळ्यावर. म्हणजे वर्षभर ज्या धुळीशी आबांची लढाई, ती ते स्वतः पैसे मोजून, ट्रॉलीच्या हिशेबाने विकत आणतात आणि घमेल्यांनी घराच्या डोक्यावर चढवतात. वर उभं राहून ओरडतात, "कोपरा नको सोडजो रे!"

धुळ्याला कॉलेजात असलेल्या थोरल्या नातवाने हे गणित त्यांना एकदा नीट मांडून दाखवलं. एवढी माती वर गेली, एवढी परातीत आली. त्यापेक्षा एकदाचा स्लॅबच टाकून घेऊ, म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं.

"स्लॅबना घरले माळा कोठे ऱ्हास?" म्हणाले, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळले. भावाची घासाघीस अजून बाकी होती, शिवाय यंदाची माती त्यांना जरा बारीक हवी होती.